ॲल्युमिनियमच्या बोटीला स्ट्रायकर ४ चा ट्रान्सड्यूसर: यंत्र घ्या, पण स्क्रू थेट पत्र्यात मारू नका

गार्मिनचा स्ट्रायकर ४ हा छोटा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यावर फिरणाऱ्या दहा-बारा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीला पुरेसा आहे. सोबत येणारा, ट्रान्समवर म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर बसवायचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) हाही भरवशाचा आहे. अडचण आहे ती बसवण्यात. पेटीतले स्क्रू आणि पुस्तिकेतली पद्धत जाड ट्रान्सम डोळ्यासमोर ठेवून ठरवलेली आहे. आपल्या लहान बोटींचा मागचा पत्रा इंजिनाच्या जागी आतून लाकडाने जाड केलेला असतो, पण कडेला तो नुसता दोन-तीन मिलिमीटरचा असतो, आणि ट्रान्सड्यूसर नेमका तिथेच बसवायचा असतो. त्यात आपल्याकडे बोट सिमेंटच्या उतारावरून अलगद पाण्यात जात नाही. ती ट्रॉलीतून उतरवावी लागते आणि खडी-दगडांवरून ओढत न्यावी लागते. म्हणून इथे यंत्राबद्दल थोडं आणि बसवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

यंत्राचा पडदा साडेतीन इंची आहे. उन्हात वाचता येतो, पण मागे इंजिनाशी बसून पुढच्या फळीवरचा पडदा वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. हाताच्या अंतरावर बसवा. जीपीएसवर जागा खूण करून ठेवता येते, नकाशा मात्र यात नाही. धरणातली एखादी बुडालेली खडक-रांग सापडली तर तिथे पुन्हा जाण्यापुरतं हे पुरतं. ट्रान्सड्यूसरमध्येच पाण्याचं तापमान मोजायची सोय आहे.

सोनार ७७ आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतो. २०० चा शंकू साधारण १५ अंशांचा आणि ७७ चा ४५ अंशांचा. म्हणजे १० मीटर खोलीवर २०० किलोहर्ट्झला तळाचं अडीच मीटरच्या आसपास वर्तुळ दिसतं, ७७ ला सव्वाआठ मीटरचं. अरुंद शंकूत तळ रेखीव दिसतो, रुंद शंकूत मासे जास्त सापडतात, पण उतारावरचा तळ पुसट होतो. हिडकलच्या कडेच्या उतारांवर २०० च ठेवा. रुंद शंकू उताराचा जवळचा, उथळ भाग आधी पकडतो आणि बोटीखालच्या खोलीपेक्षा कमी आकडा दाखवतो.

बोटीला एकही भोक पाडण्याआधी यंत्र तपासून घ्या. बादलीत तपासून उपयोग नाही, तेवढ्या उथळ पाण्यात खोली दिसत नाही. फार तर तापमान दिसेल. शिवारातली विहीर यासाठी उत्तम. केबल हातात धरून ट्रान्सड्यूसर पाण्याखाली वीतभर सोडा, तोंड खाली ठेवा, २०० किलोहर्ट्झ लावा आणि दगड बांधलेल्या दोरीने खोली मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पहा. ७७ वर विहिरीच्या भिंतींचे प्रतिध्वनी मिसळतात, तो यंत्राचा दोष समजू नका.

जागा कुठली

सोनारचा खरा शत्रू हवा आहे. पाण्यात बुडबुड्यांचा पातळ थर जरी ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून गेला तरी आवाज तिथूनच परततो आणि तळ दिसेनासा होतो. ॲल्युमिनियमच्या बोटीला हा त्रास फायबरच्या बोटीपेक्षा जास्त. तिच्या तळाला ताकदीसाठी दाबून काढलेले लांब उभार असतात, रिव्हेटच्या रांगा असतात, कण्याची पट्टी असते. बोट धावताना यातल्या प्रत्येकाच्या मागे फेसाची एक रेघ निघते. म्हणून बोट उलटी करून किंवा ट्रॉलीवर असताना खाली वाकून बघा: ट्रान्समपासून पुढे दोन-तीन फूट जिथे तळ सपाट आहे, दोन उभारांच्या मधोमध आहे आणि रिव्हेटची रांग सरळ रेषेत येत नाही, ती जागा. पाणी काढायचं भोक किंवा पंपाचं तोंड पुढे असेल तर ती बाजू सोडा.

डावी की उजवी याचंही कारण आहे. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्यामुळे उजव्या बाजूला पाती वरून खाली जातात आणि डाव्या बाजूला खालून वर येतात. वर येणारी पाती फेस उचलून आणतात. म्हणून उजवी बाजू. तुमच्या इंजिनाचा पंखा उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी.

पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर अंतर ठेवायला गार्मिन सांगतं आणि ते पाळावं. पण त्या नादात अगदी कडेलाही जाऊ नका. वळताना बोट कलते, कडेचा ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो आणि ऐन वळणावर पडदा कोरा पडतो. चार फूट रुंद ट्रान्समवर मध्यापासून ४० ते ५० सेंटिमीटरची पट्टी हाती राहते. त्या पट्टीत उभार कुठे आहेत ते पाहून जागा पक्की करा. मग इंजिन दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि वर उचलून पहा, कुठे घासत नाही ना. ट्रॉलीचे रूळ किंवा लाकडी टेकू त्या जागी येतात का तेही आत्ताच बघायचं, ट्रान्सड्यूसर फुटल्यावर नाही.

दहा मिलिमीटर

फायबरच्या बोटीला ट्रान्सड्यूसर तळाच्या रेषेखाली ३ मिलिमीटर असावा, ॲल्युमिनियमच्या बोटीला १० मिलिमीटर, असं गार्मिनचं माप आहे. फरक वर सांगितलेल्या फेसामुळेच. रिव्हेट आणि उभार यांनी घुसळलेल्या पाण्याच्या थराखाली तोंड गेलं पाहिजे. फायबरचं माप लावून ३ मिलिमीटरवर बसवलेला ट्रान्सड्यूसर उभ्या बोटीत झकास चालतो आणि इंजिन जरा ताणलं की तळ सोडतो. मग यंत्राला नावं ठेवली जातात.

माप घेताना सरळ ॲल्युमिनियमची पट्टी तळाला चिकटवून मागे अर्धा फूट बाहेर काढा आणि तिथून खाली १० मोजा. तळ व्ही आकाराचा असेल तर हे माप कण्यापासून घेऊ नका. ट्रान्सड्यूसर जिथे आहे तिथल्या तळापासून घ्या. आणि ट्रान्सड्यूसरचं तोंड मात्र तळाच्या उताराला समांतर नको, पाण्याला समांतर हवं, आडवंही आणि पुढे-मागेही. पाणसळ लावून बघा, पण त्याआधी बोट पाण्यात जशी बसते तशी ट्रॉलीवर टेकवून घ्या.

पत्रा, पाट आणि बोल्ट

पुस्तिका ४ मिलिमीटरच्या बिटाने सुमारे १९ मिलिमीटर खोल भोक पाडायला सांगते. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात हे माप निरर्थक आहे. तिथे स्क्रूचा एखाद-दुसरा आटा काय तो पकडतो. पाण्याचा ओढा ट्रान्सड्यूसरला सतत मागे खेचतो, इंजिनाचा थरथराट चोवीस तास नसला तरी फेरीभर असतो, आणि काठावर एकदा दगड लागला की तो आटा उलगडतो. मग भोक मोठं होतं, त्यातून पाणी आत येतं, आणि पुढच्या वेळी अजून जाड स्क्रू मारला जातो. ही सगळी भोकं पाण्याच्या रेषेखाली असतात हे सगळ्यात वाईट.

म्हणून बोटीला भोकं पाडायची ती एकदाच, पाण्याच्या रेषेच्या वर. त्यावर एक प्लॅस्टिकचा जाड पाट बोल्टने पक्का करायचा आणि ट्रान्सड्यूसर त्या पाटावर स्क्रूने बसवायचा. परदेशात यासाठी तयार पाट मिळतात. आपल्याकडे स्वयंपाकाच्या भांड्यांच्या दुकानात मिळणारा भाजी कापायचा पांढरा एचडीपीई पाट हेच काम करतो, फक्त तो २० मिलिमीटर जाड हवा. बारा मिलिमीटरचा पाट स्क्रू धरायला कमी पडतो. ॲक्रिलिक तडकतं, नायलॉन पाणी पिऊन फुगतं, प्लायवुड सडतं. ही तिन्ही नकोत. पांढरा पाट वर्षानुवर्षं उन्हात राहिला की ठिसूळ होतो, त्यामुळे बोट उघड्यावर राहत असेल तर काळा, ऊन सोसणारा एचडीपीई शोधा. औद्योगिक प्लॅस्टिकचे पत्रे विकणाऱ्यांकडे तो कापून मिळतो.

आकार १५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. आखूड शाफ्टच्या इंजिनाचा ट्रान्सम १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर हा पाट असा लावा की त्याची खालची कड बोटीच्या तळापेक्षा दोन सेंटिमीटर तरी वर राहील. कड तळाच्या रेषेत आणली तर पाटच पाणी फाडतो आणि मागे फवारा उडतो. खालची कड करवतीने किंवा कानशीने तिरकी करून घेतलीत तर आणखी चांगलं.

बोल्ट तीन, एम-६ मापाचे, त्रिकोणात: दोन वर आणि एक मध्ये, तिन्ही उभ्या बोटीच्या पाण्याच्या रेषेच्या वर. त्यासाठी आधी बोट नेहमीच्या वजनासह पाण्यात उभी करून मागे खडूची किंवा टेपची रेघ मारून घ्या. इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि मागे बसणारा माणूस यांनी मागची बाजू किती बसते हे घरी अंगणात कळत नाही. बोल्टची लांबी मोजून घ्या: २० चा पाट, ३ चा पत्रा, आतली ३ मिलिमीटरची आधारपट्टी, वायसर आणि नट मिळून एकेरी पत्र्याला ४० मिलिमीटरचा बोल्ट पुरतो. आत लाकूड असेल तर ६० ते ८० लागेल. आतल्या बाजूला नुसता लहान वायसर देऊ नका. पातळ पत्रा त्याच्याभोवती वाकतो. ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यावर मोठा वायसर, मग नायलॉक नट.

बोल्ट घेताना डोकं बघा. नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) म्हणून दिलेला बोल्ट बरेचदा २०२ या लवकर गंजणाऱ्या जातीचा असतो, आणि लोहचुंबक लावून तो ३०४ पासून ओळखता येत नाही, कारण दोन्हीला चुंबक धरत नाही. डोक्यावर ए२-७० कोरलेलं असेल तर ३०४, ए४-७० असेल तर ३१६. गोड्या पाण्याला ३०४ चालतो. पितळेचा किंवा तांब्याचा मुलामा असलेला काहीही नको. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. याच कारणाने वायरी सोलताना पडलेले तांब्याचे बारीक तुकडे बोटीच्या तळात राहू देऊ नका. साचलेल्या पाण्यात ते पत्र्याला टाचणीएवढे खड्डे पाडतात.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचंही पुरतं जमत नाही, पण लहान स्टेनलेसचा बोल्ट मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात असेल तर झीज पसरते आणि सावकाश होते. उलटं केलं, म्हणजे मोठी स्टेनलेसची पट्टी ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटांनी ठोकली, तर रिव्हेट झपाट्याने संपतात. घाईच्या कामात हे सर्रास दिसतं. बोल्टाखाली नायलॉनचा वायसर आणि आट्यांवर सीलंट असलं की दोन्ही धातूंमध्ये ओल राहत नाही आणि प्रश्न मिटतो. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागली तर समजा, ओल आत शिरली आहे.

सीलंट मरीन पॉलियुरेथेन घ्या, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. बाथरूमच्या फरश्यांना लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. सुकताना त्यातून निघणारं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं. नळदुरुस्तीची एपॉक्सी पुट्टीही नको. ती दगडासारखी घट्ट होते आणि पत्रा लवला की सुटते. हेही ध्यानात घ्या की एचडीपीईला कुठलंच सीलंट धड चिकटत नाही. पाट बोल्टांनी धरायचा आहे, सीलंट फक्त भोकं बुजवायला.

आता प्रत्यक्ष काम. भोकाच्या जागी सेंटर पंच मारा, नाही तर बिट पत्र्यावर घसरून ओरखडे काढतं. आत फेस भरलेला तरंगखण किंवा वायरी नाहीत ना ते पहा. आधी ३ मिलिमीटर, मग ६.५. ॲल्युमिनियम बिटाला चिकटतं, म्हणून वेग कमी ठेवा आणि रॉकेल किंवा कटिंग ऑइलचे थेंब सोडत राहा. मोठं बिट हाताने फिरवून दोन्ही बाजूंच्या कडा मोडा. बाहेरच्या बाजूला ही कड थोडी जास्त तिरकी केली की तिथे सीलंटची अंगठी बसते, आणि गळती थांबते ती त्या अंगठीने. मग ॲसिटोनने पुसा, भोकात आणि बोल्टाच्या डोक्याखाली सीलंट भरा आणि पाट लावून नट सीलंट थोडं बाहेर येईपर्यंतच आवळा. इथे बहुतेक जण पूर्ण ताकद लावतात आणि सगळं सीलंट पिळून बाहेर काढतात. एक दिवस जाऊ द्या, मग बोल्टाचं डोकं धरून फक्त नट पाव-अर्धा फेरा आवळा. डोकं फिरवलं तर सीलंटची अंगठी तुटते.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. बेळगावच्या पावसाळ्यात ते लवकर पिकतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत रेंगाळतं, पण ओल्या पत्र्याला ते धरत नाही. तेव्हा जुलैत काम करायचं तर शेडमध्ये आणि पत्रा पूर्ण कोरडा करून.

पाट पक्का झाला की पेटीतले स्क्रू कामाला येतात. २० मिलिमीटरच्या एचडीपीईत १९ मिलिमीटर खोल भोक बरोबर बसतं. बिटाला १९ वर टेप गुंडाळा म्हणजे पत्र्यापर्यंत जाणार नाही. एचडीपीई मऊ असल्याने आधी कापून उरलेल्या तुकड्यात ३.५ मिलिमीटरचं भोक पाडून स्क्रू मारून पहा. तो नीट धरला तर तेच ठेवा, फार जड गेला तर ४. स्क्रू हाताच्या पान्यानेच. ड्रिल मशीनने आवळला की आटे उडतात. उंची चुकली तर पाटात शेजारी नवं भोक पाडता येतं, जुनं तसंच राहिलं तरी बोटीत थेंबभर पाणी येत नाही. सगळा खटाटोप या मोकळिकीसाठी आहे.

वेल्डिंग करून घ्यावं का

बेळगावच्या उद्यमबागेत ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे हात चांगले आहेत. तळापासून वेल्ड केलेली, चार-पाच मिलिमीटर पत्र्याची बोट असेल तर ट्रान्समला एक कान वेल्ड करून त्यावर पाट बसवणं हा भोकांशिवायचा उत्तम मार्ग आहे. पण दोन गोष्टी आधी सांगा. पत्रा ५०८३ जातीचा असेल तर फिलर रॉड ५३५६ हवा. सर्वसाधारण कामाला वापरतात तो ४०४३ या जास्त मॅग्नेशियमच्या पत्र्याला योग्य नाही, जोड ठिसूळ होतो. आणि मागे लाकूड किंवा फेस असेल तर तो आधी काढावा लागेल, नाही तर जळतो. रिव्हेटच्या बोटीला मात्र वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नका. उष्णतेने जवळच्या रिव्हेटांमधलं सीलंट जातं आणि एक गळती टाळताना दहा गळत्या सुरू होतात.

केबल आणि बॅटरी

केबल कापू नका, जोडू नका. जास्त झाली तर सैल वेटोळं करून फळीखाली बांधा. पुस्तिकेत केबल ट्रान्सममधून न्यायला १६ मिलिमीटरचं भोक सुचवलेलं आहे. लहान उघड्या बोटीला त्याची गरज नाही, ट्रान्समच्या वरून घ्या. पत्र्याची वरची कड मात्र धारदार असते. तिथे ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या लॅटरल नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून केबलवर चढवा आणि पाटाला क्लिपने धरा. उसाच्या शिवारात अशा नळीचे तुकडे शोधावे लागत नाहीत. ट्रान्सड्यूसरला धक्का लागून तो वर उडाला तर केबल ताणली जाऊ नये इतकी ढील त्याच्याजवळ सोडा.

इंजिनाच्या वायरींसोबत, विशेषतः स्पार्क प्लगच्या वायरीजवळून ही केबल नेऊ नका. इंजिनाचा वेग वाढला की पडद्यावर तिरक्या ठिपक्यांचा पाऊस दिसतो तो बहुधा यामुळेच. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर असेल तर यंत्राला वेगळी बॅटरी द्या.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी या यंत्राला आरामात दिवसभर पुरते, कारण ते पाव ॲम्पिअरच्या आसपासच ओढतं. ३ ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, धन वायरीत. ऋण वायर बोटीच्या पत्र्याला जोडू नका, मोटरसायकलच्या अर्थिंगची सवय इथे सोडा. दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्या. पत्र्यातून वीज वाहू लागली की पाण्याखालचा भाग खाल्ला जातो, आणि हे महिनोन् महिने कळत नाही.

पाण्यावर जुळवणी

पहिल्यांदा कमीत कमी दोन मीटर खोल, शांत पाण्यात जा. खूप उथळ पाण्यात, अर्ध्या-पाऊण मीटरखाली, आकड्यावर विसंबू नका. उभ्या बोटीत तळ दिसला की हळूहळू वेग वाढवा आणि कोणत्या वेगाला तळ तुटतो ते पहा.

तळ तुटला तर आधी कोन: ट्रान्सड्यूसरची मागची बाजू एक दात खाली करा. मागची बाजू वर राहिली तर तोंडाखाली हवा अडकते; मागची बाजू किंचित खाली असली की पाणी त्याला दाबून वाहतं. तरी तुटत असेल तर तीन-तीन मिलिमीटरने खाली. उलट, मागे पाण्याचा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फवारा उडत असेल तर तो जास्त खाली गेला आहे, वर घ्या. एका वेळी एकच बदल. कोन आणि उंची दोन्ही एकदम बदलले की काय लागू पडलं ते कळत नाही. उजव्या वळणावर तळ दिसतो आणि डाव्या वळणावर जातो, असं असेल तर ट्रान्सड्यूसर कडेला जास्त गेला आहे.

मासे कमानीसारखेच दिसतील ही अपेक्षा सोडा. कमान उमटते ती मासा शंकूतून आरपार जातो तेव्हा. बोट उभी आणि मासाही उभा असेल तर पडद्यावर आडवी रेघ येते. माशाचं चित्र दाखवणारी सोय बंदच ठेवा. पाण्यातली काडी आणि कटला तिला सारखेच.

आकडा ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो. पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली हवी असेल तर सेटिंगमध्ये कील ऑफसेट, म्हणजे ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती आहे ते माप, भरावा लागतो, आणि तो बरोबर भरला का हे वजन बांधलेल्या दोरीनेच ताडायचं.

आपल्या पाण्यात

हिडकलचा राजा लखमगौडा जलाशय सुमारे ५१ टीएमसीचा, आणि पावसाळा संपताना जिथे पाणी असतं तिथून उन्हाळ्यात ते फार मागे सरकतं. पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जिथे बोट सहज पाण्यात जाते तिथेच एप्रिलमध्ये दगड आणि चिखलाचा लांब पट्टा ओलांडावा लागतो. ट्रान्सड्यूसर तळाखाली १० मिलिमीटर उतरलेला असतो, म्हणून ओढताना पहिला मार त्यालाच बसतो. ब्रॅकेट वर उचलला जातो, पण तो मागून धक्का लागल्यावर नाही, समोरून लागल्यावर. बोट मागच्या बाजूने पाण्यात ढकलली तर दगड त्याला मागून भिडतो. दोन उपाय आहेत: बोट पाण्यात ढकलण्याआधी ट्रान्सड्यूसर हाताने वर फिरवून ठेवा, किंवा ट्रॉलीतून थेट गुडघाभर पाण्यात उतरवा.

चिक्कोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णेत आणि निपाणीजवळ वेदगंगा-दूधगंगेत पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. गाळ उच्च वारंवारिता जास्त शोषतो आणि पडदा ठिपक्यांनी भरतो. संवेदनशीलता कमी करा, ७७ वर जा, आणि तळाची जाड रेघ तेवढी वाचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर या पट्ट्यात बोटींबद्दल आस्था वाढली असेल, तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या: हा सोनार फक्त खाली बघतो, पुढे नाही. बुडालेला विजेचा खांब, विहिरीचा कठडा किंवा कुंपणाची तार पडद्यावर येते तेव्हा बोट तिच्यावर पोहोचलेली असते. पुराच्या पाण्यात वेग कमी ठेवणं आणि पुढे काठी घेऊन माणूस बसवणं याला हे यंत्र पर्याय नाही.

दुसरे पर्याय

सक्शन कपने चिकटणारे ब्रॅकेट रिव्हेटच्या किंवा खरबरीत पत्र्याला टिकत नाहीत. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतून चिकटवून तळातून आरपार सोनार पाठवतात. ॲल्युमिनियमला ते करू नका, तळ पुसट येतो आणि तापमान तर पत्र्याचं येतं. बोट स्वतःची नसेल, दर वेळी वेगळी मिळत असेल, तर पाटबिट काही नको: ट्रान्सड्यूसर एका पाइपाच्या टोकाला बसवा आणि पाइप बाजूच्या कडेला जी-क्लॅम्पने धरा. वेगात तो चालणार नाही, पण वल्ह्याच्या वेगाला उत्तम चालतो. नकाशा हवा असेल, बाजूचं दृश्य हवं असेल, तर स्ट्रायकर ४ घेऊ नका. त्यासाठी मोठा पडदा आणि लांब ट्रान्सड्यूसर लागतो, आणि त्या लांब ट्रान्सड्यूसरला पाटही जास्त रुंद लागेल.

हंगाम संपला की ट्रान्सड्यूसरचं तोंड साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. शेवाळाचा पातळ थरही खोली खातो. नव्या ट्रान्सड्यूसरलाही पहिल्या दिवशी हेच करा, हाताचं तेल लागलेल्या तोंडाला पाणी नीट भिजवत नाही. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यातलं काही त्याला लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. बोटीला रंग देणार असाल तर ट्रान्सड्यूसर काढून ठेवा. पाटावरचे स्क्रू सोडले की तो दहा मिनिटांत निघतो, बोल्टांना हात लावावा लागत नाही.